उजव्या दाराला डावं लॉक

पन्नाशी ओलांडलेला माणूस डाव्या दारातून गाडीत शिरतो, ढुंगण घासत उजवीकडे सरकतो आणि स्टिअरिंगमागे पोचल्यावर घाम पुसतो. सोलापूरच्या सात रस्ता चौकात हा तमाशा तीन आठवडे फुकट चालू आहे. माझ्या प्रीमियर पद्मिनीचं ड्रायव्हरकडचं दार उघडत नाही. नशीब, गिअर स्टिअरिंगलाच आहे. मधे दांडा असता तर काय झालं असतं ते लिहिण्यासारखं नाही.

आणि मूळ दुखणं केवढं? लॉकमधली करंगळीएवढी स्प्रिंग तुटली होती. दार दोनदा आपटावं लागायचं, बस्स. गॅरेजवाल्याला म्हटलं, तेवढी स्प्रिंग बघा. तर म्हणतो, "अण्णा, आता कोण रिपेर करत बसतंय? लॉकच बदलून टाकू की!"

कुठून बदलणार बे? ही गाडी निघायची बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली. वडिलांनी १९८६ला घेतलेली, तेव्हापासूनचं लॉक. पण साहेबांनी ऐकून घेण्याआधीच स्क्रूड्रायव्हर खुपसून दाराचा पुठ्ठा उचकटला. क्लिपा तुटल्या. आतला प्लास्टिकचा कागद टराटरा फाडून फेकला. अहो, काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं आणि पुठ्ठा कोरडा राहावा म्हणून तो कागद असतो. सांगितलं तर म्हणे, "सोलापुरात पाऊस कुठं पडतोय?" यावर काय बोलणार? आणि ती भोकंही चिखलानं बुजलेली होती, ती साफ करायचं नाव नाही.

मग मुंबईहून, कुर्ल्याच्या भंगारातून लॉक मागवलं. अठराशे रुपये माझे. खोकं उघडलं तर लॉक डाव्या दाराचं. डावं आणि उजवं लॉक आरशातल्यासारखं एकमेकांच्या उलटं असतं, हे पोरालाही बघून कळेल. पण आमचे इंजिनिअर म्हणाले, "उलटं धरलं की बसतंय." ग्राइंडर मारला, रॉडचं भोक भलत्याच बाजूला आलं म्हणून तार गुंडाळली. दार लावलं. काय सुरेख आवाज आला, खटॅक! तार आत निसटली ती तेव्हाच. आता ना आतून उघडतंय, ना बाहेरून.

बरं, जुनं लॉक परत द्या, मी स्प्रिंग घालून आणतो म्हटलं. तर ते भंगारवाल्याला किलोवर गेलेलं! माझं लॉक! न विचारता!

चावीचं तर विचारूच नका. लॉकबरोबर बॅरलही, म्हणजे चावी घालून फिरवायची ती नळी, आला म्हणून तोही ठोकला, कारण "सेट आहे." जुना बॅरल लॉकच्याच वाटेनं गेला. इतकी वर्षं दाराला आणि डिकीला एकच चावी चालायची, आता खिशात आणखी एक. फुटपाथवरचे चावीवाले चाचा तेवढे भले निघाले. त्यांनी समजावलं की बॅरलमध्ये बारीक पितळी पत्त्या असतात, त्या जुन्या चावीच्या खाचांप्रमाणे बदलून बसवल्या की जुनीच चावी चालते. तासाभराचं काम. फक्त बॅरल काढून आणा. आणू कुठून? दारात अडकलाय. वर आमच्या गॅरेजवाल्यानं चावीच्या भोकात जळकं इंजिन ऑइल ओतलेलं. आपल्याकडची धूळ आणि ते तेल, झाला की आत चिखल. चाचांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "साहब, पेन्सिलच्या शिशाची पूड टाकायची असते, तेल कसलं ओतताय?"

प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद याच गावचे हो, १८८२ साली सोलापुरातच जन्मले. त्यांच्या गावात त्यांच्या गाडीची एक स्प्रिंग कुणी बदलून देईना. बदलायचं म्हटलं की आख्खंच.

तीन आठवडे "उद्या या" ऐकतोय. काल शेवटी फोनवर ओरडलोच. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, "अण्णा, एवढं डोक्याला कशाला लावून घेताय? दारच बदलून टाकू की."