बायकांना उत्पन्नाची अट नाही, हे दुरुस्त करा

लेखात लिहिलंय की मोफत वकील हवा तर आधी तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला काढा, हे सगळ्यांना लागू नाही हो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मदत मिळते. माझ्या मावशीला खोली खाली करायची नोटीस आली, तिला पण कोणीतरी हेच सांगितलं, दाखला आण, आणि ती बिचारी महिनाभर त्याच्या मागे फिरत बसली. शेवटी आम्ही दोघी मुंबईत धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात (भाड्याच्या घरांचे खटले चालतात तिथे) गेलो, तिच्या हातात भाडेपावत्यांची प्लास्टिकची पिशवी, जुन्या पावत्या तर घडीवर फाटलेल्या. विधी सेवेच्या टेबलावरच्या मॅडमनी अर्ज दिला, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, दाखला मागितलाच नाही.

आणि खर्च म्हणजे नुसती वकिलाची फी नसते, कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, नकला, हे पण या मदतीत बसतं, ते लेखात यायलाच हवं होतं कारण माणूस तिथेच घाबरतो. १५१०० हा हेल्पलाइन नंबरही टाका प्लीज.