शून्याचे २० टक्के

कोरोनाच्या काळात छोट्या धंद्यांना केवढी मदत मिळाली, असं कुणी बोललं की माझं डोकं आजही फिरतं. परवा एका ओळखीच्या माणसाने हेच ऐकवलं, वर ३ लाख कोटींचा आकडाही फेकला. मी तिथून उठून आलो. बसलो असतो तर तोंडातून नको ते निघालं असतं. पण इतकी वर्षं गप्प बसून पोटात जे साचलंय ते कुठेतरी ओकायला हवं, म्हणून लिहितोय.

माझा छपाईचा धंदा आहे. मी आणि चार माणसं. बिलबुकं, चलनं, खोक्यांवर चिकटवायची लेबलं, माहितीपत्रकं, असलं काम. डोक्यावर एक रुपया कर्ज नव्हतं. दोन्ही यंत्रं जुनी घेतली, पैसे साठवून घेतली. व्याज रात्रीसुद्धा चालतं, आपण झोपलो तरी ते झोपत नाही, हे घरात लहानपणापासून ऐकलेलं. अंथरूण पाहून पाय पसरले. याचा मला अभिमान होता. होता म्हणतोय, कारण २०२० साली नेमकी हीच गोष्ट माझ्या आड आली.

२५ मार्च २०२० पासून सगळं बंद. आमचं काम दुसऱ्यांच्या धंद्यावर चालतं. दुकान उघडं असेल तर बिलबुक लागतं, माल निघत असेल तर लेबल लागतं. त्यांची शटर खाली आली त्याच दिवशी आमची यंत्रं थांबली. फेब्रुवारीत दिलेल्या कामाची बिलं अडकली ती अडकलीच. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असं २००६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. तो कायदा घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहणार होतो? ज्याच्याकडून पैसे यायचे तोही घरीच बसलेला, आणि त्याच्याशी भांडलो तर पुढचं काम गेलं. इकडे जागेचं भाडं चालू. वीज वापरली नाही तरी बिलात स्थिर आकार चालू. कागदवाल्याचा फोन चालू.

अशात २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला: बंदच्या काळात कामगारांचा पूर्ण पगार द्यायचा, कापायचा नाही. मला तो आदेश अन्यायाचा वाटला नाही. माझ्याकडची माणसं हातावर पोट असलेली आहेत, त्यांच्या घरची चूल माझ्या पगारावर पेटते हे मला कुणी सांगायला नको. एप्रिलचा पगार दिला, मेचाही दिला. पण देणाऱ्याकडे कुठून येणार, याचा एक शब्द त्या आदेशात नव्हता. त्याच वेळी ब्रिटनमध्ये घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकार भरत होतं. ऑस्ट्रेलियात दर पंधरवड्याला माणशी १,५०० डॉलर मालकाच्या हातात पडत होते, पगार देण्यासाठी. तिथेही पगार द्यायचाच होता, पण त्यासाठी पैसे मिळत होते. आम्हाला फक्त हुकूम मिळाला. मेच्या मध्यावर तो आदेश मागे घेतला गेला, तोवर माझी साठवण तळाला लागली होती.

१२ मेला २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. १३ मेला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तपशील सांगितला: लघुउद्योगांना ३ लाख कोटींचं कर्ज, तारण नाही, पूर्ण हमी सरकारची. मी टीव्हीसमोर वही-पेन घेऊन बसलो होतो. खरंच बसलो होतो. जन्मात कर्ज घेतलं नव्हतं, पण म्हटलं, आता घेऊ. माणसं टिकली पाहिजेत.

बँकेत गेलो. सोळा वर्षांचं चालू खातं, एक चेक कधी परत गेला नाही. समोरच्या साहेबांनी खातं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या नावावर आउटस्टँडिंगच नाही हो. आउटस्टँडिंग नसेल तर या योजनेत बसत नाही." मी म्हटलं, "साहेब, कर्ज नाही म्हणजे चांगलंच ना?" ते म्हणाले, "एरवी चांगलंच." त्या माणसावर माझा राग नाही. त्याने मला खुर्ची दिली, नियमाचा कागद दाखवला, स्वतः वाचून समजावला. राग त्या कागदावर आहे.

नियम असा होता. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्यावर जेवढं कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के जादा कर्ज. ज्याच्यावर २५ कोटी बाकी, त्याला ५ कोटी. ज्याच्यावर ५ लाख, त्याला १ लाख. ज्याच्यावर काहीच नाही, त्याला शून्याचे २० टक्के. शाळेतलं पोरसुद्धा हे गणित करेल. ज्यांनी हे लिहिलं त्यांनाही ते येत होतं, म्हणजे आम्ही सुटतो आहोत हे दिसत असताना लिहिलं. देशात सूक्ष्म, लघु, मध्यम मिळून सव्वासहा कोटींच्या वर उद्योग, त्यातले ९९ टक्के सूक्ष्म, आणि सूक्ष्मातले बहुतेक बँकेकडून कधी कर्ज न घेतलेले. घरच्या पैशावर, मेव्हण्याच्या उसनवारीवर, सोनं गहाण ठेवून उभे राहिलेले. संकट सगळ्यात जास्त यांच्यावर. मदतीचं माप मात्र आधीच्या कर्जाचं.

बरं, ज्यांना मिळालं त्यांच्या हातात तरी काय पडलं? कर्जच. बँकेचं ९.२५ टक्क्यांपर्यंत, बिगरबँक वित्तसंस्थेचं १४ टक्क्यांपर्यंत. चार वर्षांत फेडायचं, पहिलं वर्ष मुद्दल नाही पण व्याज चालू. दोन-अडीच महिन्यांची जी विक्री बुडाली ती काही नंतर दुप्पट होऊन परत येत नाही. लोक बिलबुकं बुडालेल्या महिन्यांची भरपाई म्हणून दोन-दोन छापून घेत नाहीत. गेलेलं उत्पन्न कायमचं गेलं, आणि ते भोक बुजवायला घेतलेलं कर्ज मात्र येणाऱ्या उत्पन्नातून फेडायचं. म्हणजे बँकेची हमी सरकारने घेतली, धंद्याची कुणीच घेतली नाही. कर्ज बुडालं तर बँकेला पैसे मिळणार होते. धंदा बुडाला तर धंदेवाल्याला काय मिळणार होतं? याला कर्ज म्हणा ना. कर्ज म्हणून दिलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. मदत का म्हणता?

मी हार मानली नाही, बाकीच्या योजना एकेक करून चाळल्या. हप्ते पुढे ढकलायची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली, आधी ३१ मेपर्यंत, मग ३१ ऑगस्टपर्यंत. माझा हप्ताच नव्हता. ज्यांचा होता त्यांना कळेपर्यंत व्याजावर व्याज चढलेलं होतं, आणि ते कुणाकडूनही घेऊ नका हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत मार्च २०२१ उजाडला. मुद्रा शिशू, म्हणजे अगदी छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतल्या, कर्जावर १२ महिने २ टक्के व्याजसवलत. पुन्हा आधी कर्ज हवं, आणि तेही वेळेवर फेडलेलं. मग भविष्यनिर्वाह निधी: मालक आणि कामगार दोघांचा मिळून २४ टक्के हिस्सा काही महिने सरकार भरणार. वाचून बरं वाटलं. पण तो कायदा मुळात २० माणसांपासून पुढे लागू होतो. माझ्याकडे चार. शंभरापर्यंत कामगार असलेल्यांना छोटे म्हणत होते आणि चार असलेला माणूस त्यांच्या यादीत येतच नव्हता. एवढा छोटा की कुठल्या नियमातच मावत नाही!

हे फक्त आपल्याकडे झालं असं समजून मी बराच काळ जळत होतो. मग वाचत गेलो आणि राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण जिथे पैसा भरपूर होता तिथेही सगळ्यात लहान माणसालाच रांगेच्या शेवटी उभं केलं. अमेरिकेत पगारासाठी माफ होऊ शकणारं कर्ज ३ एप्रिल २०२० ला सुरू झालं. एकट्याने काम करणाऱ्यांना अर्ज करायला १० एप्रिलपर्यंत थांबवलं, आणि १६ एप्रिलला ३४९ अब्ज डॉलर संपले. दरम्यान मोठ्या हॉटेलसाखळ्यांना एकेका अर्जावर १ कोटी डॉलरपर्यंत मिळून गेले. बोंब झाली तेव्हा काहींनी परत केले. तिथेही एकट्या माणसाचं कर्ज त्याच्या निव्वळ नफ्यावर मोजत होते, म्हणजे ज्याचा नफा नगण्य त्याला नगण्य. ते बदललं २०२१ च्या मार्चमध्ये. तोपर्यंत वर्ष गेलं. कॅनडाने ४०,००० डॉलर बिनव्याजी दिले, फेडले तर १०,००० माफ, मला तर हे वाचून हेवा वाटला. पण सुरुवातीची अट काय, तर २०१९ मध्ये वर्षाला किमान ५०,००० डॉलर पगार वाटलेला पाहिजे. जो स्वतःच मालक, स्वतःच कामगार, तो बाहेर. नंतर अट सैल केली, पण भाडं थांबून राहिलं नसेल. ब्रिटनमध्ये स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना नफ्याच्या ८० टक्के अनुदान होतं, पण ज्याने धंदा नुकताच सुरू केला आणि जुनं विवरणपत्र नाही, त्याला पहिल्या फेऱ्यांत काही नाही. आणि जर्मनी! तिथे पाच माणसांपर्यंतच्या धंद्याला ९,००० युरोंपर्यंत दिले, कर्ज नव्हे, अनुदान. इतकं सरळ काम कुणी केलं नव्हतं. आणि मग नंतर हजारो लोकांना हिशेब मागून पैसे परत करायला सांगितलं. हे पैसे धंद्याच्या खर्चाला होते, तुमच्या पोटाला नव्हते, म्हणून. एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाचं पोट हा धंद्याचा खर्च नाही, हे कुठल्या टेबलावर बसून ठरवलं असेल? तो जेवला नाही तर यंत्र कोण चालवणार?

मला लोक सांगतात की घाईत असंच होतं, घाईत पैसा वाटला की चोर घुसतात. मान्य. ब्रिटनने छोट्या कर्जांसाठी अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि बनावट कंपन्यांनी त्यात हात धुऊन घेतले, हे खरं आहे. पण माझ्यापुरतं तरी सांगा, माझ्याबद्दल सरकारला काय माहीत नव्हतं? जीएसटीची विवरणपत्रं नियमाने भरलेली. कुठल्या महिन्यात किती विक्री झाली, मार्चनंतर ती कशी शून्यावर आली, हे पैशापैशासकट त्यांच्या संगणकात होतं. एरवी रिटर्न भरायला एक दिवस उशीर झाला तर कुणी अर्ज न करता, कुणी साहेब न भेटता, लेट फी आपोआप लागते. घ्यायचं असेल तेव्हा माझी ओळख पक्की. द्यायची वेळ आली की ओळख पुरत नाही, २९ फेब्रुवारीचं कर्ज दाखवा! विक्री किती बुडाली ते पाहून तिचा थोडासा भाग सरळ खात्यात टाकता आला असता. तीन महिन्यांचं भाडं आणि अर्धा पगार, याच्या पलीकडे माझ्यासारख्याने काहीही मागितलं नसतं.

जूनपासून अर्धा पगार केला. ऑगस्टमध्ये एक यंत्र विकलं, विकलं म्हणजे जवळपास भंगाराच्या भावात दिलं, कारण त्या महिन्यात सगळेच विकणारे होते. यंत्र एक राहिलं म्हणून दोन माणसं कमी केली. त्यातला एक बायंडर होता, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून. त्याच्या हातची शिवण पंधरा वर्षांत उसवून परत आलेली मला आठवत नाही. त्याला सांगताना मला शब्द सापडत नव्हते आणि तोच मला म्हणाला, "असू द्या शेठ, तुमचा इलाज नाही." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. इलाज होता. थोडक्यात होता. तो एका कागदावरच्या एका अटीमुळे माझ्यापर्यंत पोहोचला नाही. पुढे त्या ३ लाख कोटींच्या योजनेची रक्कम साडेचार लाख कोटींवर, मग ५ लाख कोटींवर नेली. मुदत वाढवली, मोठ्या कर्जदारांना आत घेतलं. प्रत्येक वेळी मी बातमी शेवटपर्यंत वाचली. ज्याच्यावर कर्ज नाही त्याचं काय, ही ओळ कधीच आली नाही.

गेल्या वर्षी माझ्या सीएंनी मला समजावलं, "तुम्ही एखादी छोटी सीसी लिमिट, म्हणजे लागतील तसे पैसे उचलायची बँकेची कर्जमर्यादा, घेऊन ठेवा. लागो न लागो. उद्या पुन्हा असं काही आलं तर निदान तुमचं नाव यादीत असेल." मी महिनाभर नाही म्हणत राहिलो. मग गेलो आणि घेतली. त्याच बँकेत, तीच खुर्ची. आता दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो, दर वर्षी नूतनीकरणाचं शुल्क भरतो, आणि खात्यावर थोडी बाकी दिसावी म्हणून गरज नसताना थोडे पैसे उचलून त्यावर व्याज भरतो.