मिनिटाला अकरा थेंब

"मिनिटाला अकरा," असा निकाल गाडीखालून आला. नवा ऑइल पाइप बसवून, इंजिन सुरू करून मी नुकताच चिंधीला हात पुसत विजयी चेहऱ्याने उभा होतो. "मगाशी नऊच होते," असेही त्या आवाजाने नोंदवले. आवाज शेजारच्या काकांचा होता. ते गाडीच्या कडेला उकिडवे बसून, खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर नजर आणि मनगटावरच्या घड्याळावर दुसरी नजर, असे सकाळपासून थेंब मोजत होते. हे काम त्यांना कोणी सांगितले होते, हे मला अजून कळलेले नाही.

गाडी 1951 सालची एमजी टीडी ही इंग्रजी मोटार आहे आणि तिच्या 1250 सीसीच्या इंजिनाला वरच्या रॉकरपर्यंत, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांपर्यंत, तेल पोहोचवणारा पाइप मागल्या बाजूला, हात जेमतेम शिरेल अशा बोळकांडीत असतो. त्याची दोन्ही टोके म्हणजे दोन कड्या. प्रत्येक कडीतून एक पोकळ बोल्ट जातो, खालच्या टोकाला तेल बोल्टच्या पोटातून चढते आणि त्याच्या कुशीतल्या भोकातून कडीत उतरते, वरच्या टोकाला याच्या उलट. कडीच्या दोन्ही अंगांना तांब्याचा एकेक वॉशर, म्हणजे एकूण चार. या चार चकत्यांवर माझी सगळी अब्रू अवलंबून होती.

पण आधी पान्यांचे सांगतो, कारण तो राग वेगळा आहे. पहिल्या महायुद्धात एका फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीत मशीनगनचा कारखाना काढला, युद्धानंतर तिथे इंजिने होऊ लागली आणि 1923 मध्ये एमजीचेच भाऊबंद असलेल्या मॉरिस या इंग्रजी मोटारवाल्यांनी तो विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. मेकॅनिकांकडचे पाने इंग्रजी, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची. हा संसार माझ्या इंजिनापर्यंत टिकला. त्यात व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा जबड्याची रुंदी सांगतच नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. वाटेतला एक 8 मिमीचा बोल्ट हातातून निसटून कुठे गेला ते त्यालाच ठाऊक, आणि त्या जागी दुकानातला नवा लावावा तर त्याचे आटे 1.25 मिमी अंतराचे, इंजिनाचे 1 मिमीचे. तो अर्धा वेढा गोडीने आत जातो आणि मग अडून बसतो.

तर या बोळकांडीत उजेड हवा म्हणून मी काकांच्या हाती बॅटरी दिली, ही माझी चूक. काकांचा प्रकाश काकांच्या नजरेबरोबर फिरतो. त्यांनी घड्याळ पाहिले की उजेड घड्याळावर, माझ्याशी बोलू लागले की थेट माझ्या डोळ्यांत.

"काका, जरा इकडे, बोल्टवर."

"दिसतोय की मला."

"तुम्हाला नव्हे, मला दिसायला हवा."

"तुम्हाला कशाला? हाताला कळतं ना!" असे म्हणून त्यांनी बॅटरी पुठ्ठ्याकडे वळवली. "बारा झाले बघा. पण हा बाजूला पडला, तो मी धरत नाही."

ही निःपक्षपाती वृत्ती मला सर्वांत जास्त झोंबली. गाडी गळते याचे मला दुःख नाही, या वयात ती गळणारच. पण तिच्या गळतीची कोणीतरी खिशातल्या डायरीत तारीखवार नोंद ठेवावी, आणि ती जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचून दाखवावी? दूधवाल्यालासुद्धा नऊचे अकरा झाल्याचे कळले. त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, तशी करुणा मी आजारी माणसालाही दाखवलेली नाही.

दोष अर्थातच वॉशरांचा होता. पाइपच्या पाकिटात वॉशर नव्हते; ते वेगळे मागवावेत, अशी सूचना भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत छापली होती. वॉशरांशिवाय पाइप विकणे म्हणजे बटणांशिवाय सदरा विकणे, आणि हे लोक राजरोस विकतात. मी जुनेच चार लावले. तांबे दाबले गेले की कडक होते आणि मग बोल्टाखाली नीट चेपत नाही. उपाय मला माहीत होता, फक्त आळस केला होता: चारही गॅसवर लाल होईपर्यंत तापवले आणि पाण्यात टाकले. पोलाद असे विझवले तर कडक होते, तांबे मात्र मऊ पडते. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि "असं कसं असेल?" म्हणाले.

पुन्हा सगळे खोलले, बसवले, आवळले, आणि आदल्या वेळचे तेल खालपर्यंत पुसून काढले. पुठ्ठा नवा. इंजिन सुरू केले आणि मीही काकांच्या शेजारी उकिडवा बसलो. एक मिनिट गेले. काहीच नाही. दुसरेही गेले, काकांनी घड्याळ कानाला लावून पाहिले. तेवढ्यात टप्पकन आवाज झाला.

"एक!" काका केवढ्याने ओरडले.

"काका, तो घाम आहे. माझ्या नाकावरून पडला."

"थेंब तो थेंब," म्हणत त्यांनी डायरी काढली.