किल्ल्यावर माळी किती?

किल्ला बघायला म्हणून अण्णांना पोविसला नेलं, तर ते किल्ल्याकडे पाठ करून उभे राहिले.

आम्ही इंग्लंडात श्रूजबरीला राहतो. तिथून पश्चिमेला वीसेक मैलांवर, वेल्सच्या हद्दीत शिरलं की वेल्शपूल नावाचं छोटं गाव लागतं आणि गावाच्या डोक्यावर लाल दगडाचा पोविस किल्ला. तेराव्या शतकात एका वेल्श राजाने बांधलेला. त्याच्या पायाशी उतरंडीसारख्या एकाखाली एक गच्च्या कोरून सतराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन धाटणीची बाग केली आहे. वरच्या गच्चीवर यू नावाच्या सदाहरित झाडांचे तीनशे वर्षं वाढलेले प्रचंड गोळे आहेत. दिसायला थेट पावसाळी ढग, कठड्यावरून खाली ओघळत आलेले. बाजूला याच झाडांचं तीस फूट उंच कुंपण. येणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोर फोटो काढतो. अण्णा बघत होते यंत्राच्या पाळण्यात उभं राहून तो ढग भादरणाऱ्या पोराला.

"किती दिवस चालतं हे?"

तिथल्या स्वयंसेवक आजींना विचारून सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, कित्येक आठवडे जातात, दर वर्षी.

"म्हणजे आपली गोडी छाटणीच की. फळ काय धरतं?"

"फळ नाही, अण्णा. शोभेचं आहे."

"फळ नाही आणि दर साली छाटायचं!" अण्णांनी मान हलवली. जुन्नरला आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीला टोळी मिळवायची म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या तोंडी पुढचा प्रश्न आपोआप आला. "किल्ल्यावर माळी किती आहेत?"

अकरा वर्षं इथे राहून, डझनभर किल्ले बघून, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ही सहल झाली ती २०२५च्या सप्टेंबरात. त्याआधी दोनच महिने, ११ जुलैला, युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले होते. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमचा शिवनेरी त्यात आहे म्हटल्यावर कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढे आले आणि पेढ्यांमागोमाग भांडण आलं. चुलतभावाने दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. एकात वेल्समधला कुठलासा किल्ला, गालिच्यासारखी हिरवळ. दुसऱ्यात आपल्याकडच्या एका गडाचा बुरूज, पायथ्याशी प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग. खाली वाक्य: "इंग्रजांनी कसे जपलेत बघा. आपल्याकडेही गडांवर बागा, लाइट-साउंड शो, रोपवे करा, मग बघा." आत्याने तत्काळ उत्तर ठोकलं: "गड आहे तो. गार्डन नव्हे. सहलीची जागा करून ठेवू नका." मग दोघांनी मिळून मला साक्षीला बोलावलं. ताई, तू तिकडे असतेस, तू सांग.

परदेशात राहणाऱ्याला हा मान फुकट मिळतो. इथे कचरा वेळेवर उचलतात एवढ्या भांडवलावर आपण महाराष्ट्राच्या कुठल्याही वादात न्यायाधीश होऊन बसतो. मी तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहिते.

चुलतभावाचं "इंग्रजांनी जपले" हे अर्धसत्य आहे. विसाव्या शतकात या देशाने आपले शेकडो जुने वाडे हातोड्याखाली घातले. वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवरचा कर परवडेना, नोकर मिळेनात, छपरं गळू लागली, म्हणून मालकांनीच पाडले आणि दगड-लाकूड विकून टाकलं. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा नामशेष वाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, यादी हजाराच्या वर गेली होती. पोविस वाचला, कारण त्याला वेळेवर पैसा मिळाला. आणि तो पैसा आपल्याकडचा होता. प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने पोविसच्या मालक घराण्यातल्या हेन्रिएटाशी १७८४मध्ये लग्न केलं. जावई पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. क्लाइव्हची संपत्ती इकडे वळली आणि पडझडीला आलेला किल्ला दुरुस्त झाला. १९५२ला शेवटच्या मालकाने तो नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केला. या ट्रस्टचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत, त्यांत आम्हीही. तेव्हा जपले ते वर्गणी भरणाऱ्यांनी, आणि त्याही आधी बंगाल-मद्रासच्या रयतेने.

किल्ल्यात क्लाइव्ह संग्रहालय म्हणून एक अंधारलेलं दालन आहे. भारत आणि पूर्व आशियातल्या हजारावर वस्तू ट्रस्टच्या ताब्यात आहेत. तलवारी, हस्तिदंत, पालखी, टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं व्याघ्रमुख. आणि एक तंबू, पांढऱ्या सुती कापडावर फुलझाडांचं छापकाम. श्रीरंगपट्टण १७९९ला पडलं त्यानंतर टिपूचा हा तंबू इकडे आला आणि पोविसच्या हिरवळीवर मेजवान्यांसाठी उभारला जाऊ लागला. अण्णा काचेला नाक लावून म्हणाले, "हे तर चीट आहे. आपल्याकडं आईच्या गोधडीला असायचं असलं कापड." मग जरा वेळाने, "लढाईतला तंबू आणि खाली च्या पीत बसायचे?" मला उत्तर सुचलं नाही. तिथे फिरणाऱ्या कुणाचीच नजर कुणाला भिडत नव्हती, किंवा ते माझं मन असेल.

असल्या वस्तूंचा उगम पाटीवर लिहावा की नाही, यावरून इथेही रणकंदन झालं आहे. २०२०च्या सप्टेंबरात नॅशनल ट्रस्टने एक अहवाल काढला आणि वसाहती किंवा गुलामांच्या व्यापाराशी संबंध असलेली आपली ९३ ठिकाणं सांगितली. केवढा गहजब! आम्ही गुलाब बघायला येतो, तुम्ही आम्हाला लाज वाटायला लावता, हा सूर. सभासदांचा एक विरोधी गटही उभा राहिला. तो वाद वाचताना मला सारखी आत्या आठवत होती. घराच्या अभिमानाला कुणी पुरवणी जोडली की कुठल्याही देशातला माणूस सारखाच चिडतो. अहवाल मात्र मागे घेतला गेला नाही, आणि गुलाब बघणाऱ्यांच्या रांगाही तशाच आहेत.

म्हणूनच वाटतं, शिवनेरीवरही सगळं लिहावं. सात दरवाजे चढून गेल्यावर शिवाई देवी, जन्मस्थान, बदामी तलाव, कडेलोट हे आपण पोरांना दाखवतो. त्याच डोंगराच्या पोटात सातवाहन काळापासूनची बौद्ध लेणी आहेत, कमानी मशीद आहे, अंबरखाना आहे. आणि ज्या गडावर १६३०ला महाराज जन्मले, तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही, शाहूंच्या काळात १७१६ला आला. हे मी जुन्नरच्या शाळेत शिकले नाही, इथे आल्यावर कळलं. कळल्यावर गड लहान झाला नाही. हाताशी असून न मिळालेला गड, ही गोष्ट मला तरी अधिक हलवून गेली.

आता आत्याचं म्हणणं. गडाची सहलीची जागा करू नका, यातली कळ मला इथेच नीट समजली. वेल्सच्या उत्तरेला कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेख, ब्यूमारिस हे चार किल्ले आहेत, १९८६पासून जागतिक वारसा. बांधले पहिल्या एडवर्डने, वेल्श लोकांना जिंकून त्यांच्या छातीवर. अठराव्या शतकातला वेल्श लेखक थॉमस पेनंट कार्नार्वनला 'आमच्या गुलामीचं भव्य बोधचिन्ह' म्हणून गेला आहे. आज तिथे पोरं लाकडी तलवारी घेऊन पळतात, गवत कापलेलं असतं, आइस्क्रीम मिळतं. सातशे वर्षांत जखम वाळली असं वाटतं, पण २०१७ साली फ्लिंटच्या किल्ल्याजवळ सरकारी वारसा खात्याने लोखंडी कड्याचं भलंमोठं शिल्प उभारायचं ठरवलं. एडवर्डच्या किल्ल्यांच्या साखळीला 'लोखंडी कडं' म्हणतात. वेल्श लोक खवळले, आमच्या पराभवाचं कौतुक कशाला म्हणून सह्या गोळा झाल्या, बेत बारगळला. त्यांचे किल्ले जिंकणाऱ्याचे, म्हणून तिथे चटई टाकून बसायला कुणाचं काही जात नाही. आपले गड आपल्या माणसांचे. तिथे चप्पल काढून मुजरा करणारा माणूस असतो. चुलतभावाच्या फोटोत हा फरक दिसत नाही.

पण "गार्डन नव्हे" यावर आत्याला एक जुना कागद दाखवावासा वाटतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचं प्रकरण आहे. 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' हे वाक्य पाट्यांवर आणि टी-शर्टांवर येतं. त्याच प्रकरणात पुढे गडावर काय लावायचं तेही सांगितलं आहे: फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष, निंबं-नारिंगं, फुलझाडं, वेली. प्रयोजक असो की अप्रयोजक, जे झाड येत असेल ते लावावं आणि जतन करावं, वेळेला त्याचं लाकूड तरी कामी येईल. गडाचं पाणी बहुत जतन राखावं, हेही त्यातलंच. म्हणजे बाग आपल्या गडाला परकी नाही. अप्रयोजक झाडालाही अमात्यांनी जागा दिली होती, पोविसच्या त्या बिनफळाच्या ढगासारखी. परकं असेल तर ते लॉन. सह्याद्रीच्या कातळावर टँकरने पाणी चढवून हिरवळ पोसायची, हा वेल्सच्या पावसाने सोपा केलेला आणि आपल्या उन्हाने अशक्य केलेला शौक आहे. आपल्या गडावर निगा राखायची ती टाक्यांची.

आणि निगा राखणारं माणूस कोण, इथे सगळी चर्चा येऊन अडते. बारा किल्ल्यांपैकी जिंजी धरून आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, चार राज्याकडे. पहारेकरी असतो, खरंय. मोठी कामं निघतात, ठेके निघतात, उद्घाटनं होतात. २०१९ला सरकारने काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याचा विचार मांडला तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला होता. मग खुलासा आला की महाराजांशी निगडित संरक्षित गडांना हात लागणार नाही. पेटला ते बरंच झालं. पण त्या आठवड्यात जेवढे लोक बोलले, त्यांतल्या कुणी एखाद्या टाक्यातला गाळ शेवटचा कधी काढला हे विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. गाळ काढतात ती दुर्गसंवर्धन संस्थांची पोरं, रविवारी, स्वतःच्या पैशाने एसटी करून. खात्याचं म्हणणं असतं की गाळात जुने अवशेष असतात, परवानगीशिवाय फावडं लावू नका. बरोबरच आहे. मग फावडं धरायला शिकवलेलं पगारी माणूस गडावर ठेवा.

असं माणूस शोधायला लांब जायला नको. पायथ्याच्या वाडीतून डोक्यावर हंडा घेऊन ताक विकायला वर येणारी मावशी आहे ना, तिला ठाऊक असतं कुठल्या टाक्याचं पाणी एप्रिलपर्यंत टिकतं आणि कुठल्या पायरीचा दगड यंदाच्या पावसात हलला. पूर्वी गडाच्या घेऱ्यातल्या माणसांना राखणीबद्दल जमिनी असत. आता तीच माणसं टपरी टाकली की अतिक्रमणात मोजली जातात. पोविसच्या चहाच्या दुकानात मी जे दोन पौंड जास्त देते ते ट्रस्टच्या तिजोरीत जातात. आपली ताकवाली मावशी मात्र गडाच्या हिशेबात कुठेच नाही. रायगडाला १९९६पासून रोपवे आहे, म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, माझी आजी त्यामुळेच वर गेली, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही. पण बाराही गडांना रोपवे आणि बाराही गडांना पाच पाच पगारी माणसं यांतून एक निवडायला सांगितलं, तर मी दुसरं मागेन. त्यासाठी तिकीट लावा. मंदिरात जाणाऱ्याला माफ करा, बाकीच्यांनी भरावं. गडावर चढायला पैसे मागतात म्हणून ओरडणारे आम्ही, पायथ्याशी गाडीच्या पार्किंगला पन्नास रुपये मुकाट देतो.

ग्रुपवर हे एवढं सगळं टाकलं तर कुणी वाचणार नाही, म्हणून फक्त अण्णांचा प्रश्न टाकला. किल्ल्यावर माळी किती? चुलतभावाने अंगठा दाखवला. आत्याने हात जोडलेली खूण पाठवली, तिचा अर्थ नेहमीप्रमाणे लागला नाही.

अण्णा सप्टेंबरअखेर परत गेले, छाटणी गाठायला. ऑक्टोबरात फोन केला तर मागून कात्र्यांचा आवाजच नाही. टोळी आली नव्हती, दुसऱ्या बागेवाल्याने जास्त उचल देऊन पळवली होती.

"ते पोरगं असेल का गं मोकळं आता?" अण्णा म्हणाले. "किल्ल्यावरचं. हात चांगला होता त्याचा."