लग्नाच्या डीव्हीडीची वाट कशी लावावी

घरात लग्नाची डीव्हीडी असेलच. माळ्यावर, प्लास्टिकच्या डबीत, वर नवरा-नवरी एका मोठ्या गुलाबाच्या आत बसवलेले. प्लेयर कधीच भंगारात गेला, नव्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोय नाही. म्हणजे ती पेनड्राइव्हवर घ्यायची वेळ झाली. हा मंगल सोहळा आमच्या घरी नुकताच पार पडल्याने अनुभवाचे चार बोल सांगतो, लाभ घ्यावा.

सर्वप्रथम, हे काम घरी करू नये. फुकटात, मूळ दर्जा राखून होण्याचा धोका असतो. ‘जुन्या सीडी-कॅसेट पेनड्राइव्हवर, फुल एचडी क्वालिटी’ अशी पाटी असलेलं दुकान गाठावं. आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. दुकानदार ते १९२० बाय १०८० करून देतो. मधले ठिपके कुठून आणले, हे विचारू नये. पाहुण्यांना वाढताना आमटीत पाणी घातलं की आपण विचारतो का?

दुसरं, आकाराच्या भानगडीत पडू नये. ७२० ला ५७६ ने भागा, सव्वा येतो. म्हणजे हे चित्र रुंदी-उंचीच्या प्रमाणात जुन्या टीव्हीच्या ४:३ चंही नाही आणि नव्या टीव्हीच्या १६:९ चंही नाही. डीव्हीडीवर दोन्ही प्रकारची चित्रं ह्याच एका चौकटीत कोंबलेली असतात आणि सोबत एक बारीकशी खूण असते, की दाखवताना ४:३ करून दाखव किंवा १६:९ करून दाखव. प्लेयर बिचारा ती खूण वाचून चित्र सारखं करतो. रिप करताना, म्हणजे डीव्हीडीवरून फाइल काढताना, खूण हरवली, की १६:९ चं सगळं वऱ्हाड उभट नि खप्पड दिसतं. आणि कुणी खूण न वाचताच ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं, की प्रत्येकाची रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते. आमच्याकडे हा दुसरा लाभ झाला.

सगळे जमले होते. पंचावन्न इंची टीव्ही, चहा, चिवडा. आजोबांचं वजन हयातीत कधी पन्नास किलोच्या वर गेलं नाही, पण पडद्यावर ते दोन खुर्च्या अडवून बसलेले. आजीचं रुपयाएवढं गोल कुंकू आडवं, लंबगोल. मी म्हणालो, “काका, हे ताणलंय.” काका म्हणाले, “अरे, तेव्हा सगळेच तब्येतीने बरे होते.” आत्याने विषय संपवला, “दिसतंय ना? मग झालं.”

तिसरं, रिमोटवरच्या चित्राच्या आकाराच्या बटणाला कधीही हात लावू नये. वॉरंटी जाते.

चौथं, काळ्या पट्ट्या खपवून घेऊ नयेत. टीव्हीचे पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत. प्रभातचे बोलपट जवळपास ४:३ च्याच चौकटीत चित्रित झाले आणि दामले-फत्तेलालांनी कोण कुठे उभा राहील हे त्या चौकटीचा विचार करून ठरवलं, तर तो त्यांचा प्रश्न. आपण ताणावं.

पाचवं, तक्रार जरूर करावी. केल्याशिवाय खरी कला बाहेर येत नाही. मी पेनड्राइव्ह घेऊन परत गेलो, म्हटलं, सगळे जाडे दिसतायत. दुकानदार म्हणाला, “मग झूम मारून देतो ना, पट्ट्या पण नाही येणार.” आणि खरंच नाही आल्या! ४:३ चं चित्र न ताणता १६:९ च्या पडद्यावर भरायचं, तर वरखालचा मिळून चौथा हिस्सा कापावा लागतो. ५७६ ओळींतल्या उरतात ४३२. त्या कापलेल्या ओळींत काय होतं? नवरदेवाचा फेटा होता. भटजींचं कपाळ होतं. मंगलाष्टकं चालू आहेत, अंतरपाट आहे, त्यावर हनुवट्या आहेत, आणि वरून अक्षता पडतायत त्या कोण टाकतंय कळत नाही, कारण हात चौकटीबाहेर. पंगतीत तर कहर. ताटं खाली कापली गेली, त्यामुळे समस्त वऱ्हाड पाऊण तास हवेतून काहीतरी उचलून तोंडात घालतंय. कोपऱ्यातली तारीख अर्धी. एवढं करून फाइलचं नाव काय, तर ‘फायनल एचडी’! अरे, फायनल कसलं डोंबलाचं? बघितलंस तरी का एकदा?

मूळ डीव्हीडी मागितली, तर म्हणे, “ती कशाला आता?” ती मिळाली काउंटरखालच्या खोक्यात, डबीविना, दुसऱ्या कुणाकुणाच्या लग्नांबरोबर घासत पडलेली.

आता पुरे झाली थट्टा. नीट ऐका.

फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडा आणि कीबोर्डवरचं ‘ए’ दाबत राहा. आकार बदलत जाईल. एखादी गोल वस्तू शोधा, भिंतीवरचं समोरून दिसणारं घड्याळ सगळ्यात बरं. ते गोल झालं की तो आकार खरा. म्हणजे चित्र शाबूत आहे, फक्त खूण चुकलीय. ती बदलायला पुन्हा सगळं एन्कोड करत, म्हणजे चित्र नव्याने बनवत, बसू नका, एमकेव्हीटूलनिक्स ह्या प्रोग्रॅममध्ये तेवढा आकडा बदलता येतो, काही मिनिटांत. आमच्यासारखं ताणून पक्कं केलेलं असेल, तरी ४:३ निवडलं की माणसं माणसांत येतात. कापलेलं मात्र परत येत नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरने येत नाही.

नव्याने रिप करत असाल तर मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम वापरा, ते डीव्हीडीवरचं चित्र आहे तसं उचलतं. हँडब्रेक ह्या प्रोग्रॅमने फाइल लहान करायची असेल तर त्यातलं ॲनामॉर्फिक हे चित्राच्या आकाराचं सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा आणि सगळी फाइल करण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा करून बघा. जुन्या काही सिनेमांच्या डीव्हीडीत मात्र काळ्या पट्ट्या चित्रातच असतात आणि नव्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळं दिसतं. झूम त्याच्यासाठी आहे. माणसांची डोकी उडवायला नाही.

आणि “दिसतंय ना” म्हणणाऱ्यांनो, नाही दिसत. फोटो कुणी असा ताणून फ्रेम करून आणला असता, तर त्या फोटोग्राफरला तुम्ही दारातून परत पाठवलं असतं. हलतं चित्र आहे म्हणून काहीही चालतं का? रिमोट हातात असतो तुमच्या, एक बटण दाबायचं असतं, तेही होत नाही.

दुकानदारसाहेब, तुम्ही पैसे घेता. फाइल देण्याआधी पाच मिनिटं उघडून बघत जा. नवरदेवाला डोकं आहे ना, एवढं तरी तपासा. आणि गिऱ्हाइकाची डीव्हीडी गिऱ्हाइकाला परत द्यायची असते, डबीत घालून, न मागता.