अडीच लाख डॉलरची पोस्ट आणि लिटरमागे साडेदहा रुपये

दूध उत्पादकांच्या ग्रुपवर एक पोस्ट पुन्हा फिरतेय: “कोरोनात अमेरिकेने प्रत्येक शेतकऱ्याला अडीच लाख डॉलर दिले, तेही कागद न मागता. आपल्या शेतकऱ्याला फक्त दोन हजार रुपये!” पोस्टमागचा राग माझाही आहे. पण आकडा चुकीचा आहे, आणि चुकीचा आकडा घेऊन भांडायला गेलं की समोरचा पहिल्याच वाक्याला उडवून लावतो.

अडीच लाख डॉलर ही कमाल मर्यादा होती. एका माणसाला याच्या वर मिळणार नाही, एवढाच तिचा अर्थ. ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’ ही योजना एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली, तेव्हा थेट मदतीसाठी १६ अब्ज डॉलर ठेवले होते. पैसे माणशी नव्हते, मालावर होते. मका बुशेलमागे (बुशेल हे तिथलं धान्याचं माप), डुक्कर नगामागे, दूध वजनावर. जानेवारी ते मार्च २०२० या तीन महिन्यांतल्या दुधाला दर १०० पौंडांमागे सुमारे ६.२० डॉलर, म्हणजे लिटरला साधारण १४ सेंट.

आता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या एखाद्या ग्रामीण काउंटीतला (म्हणजे तिथल्या जिल्ह्यातला) ६० गाईंचा गोठा धरा. गाईमागे सरासरी २८ लिटर, ९१ दिवस. दूध झालं दीड लाख लिटरच्या वर, मदत बसते सुमारे २१ हजार डॉलर. त्यातलेही सुरुवातीला ८० टक्केच हातात आले. नुसत्या दुधावर अडीच लाख गाठायचे तर गोठ्यात ७०० गाई हव्यात.

बरं, ही रक्कम वरकड नव्हती. शाळा-हॉटेलं बंद झाली आणि एप्रिलमध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी दूध ओतून दिलं. चीजसाठी जाणाऱ्या दुधाचा दर जानेवारीत १०० पौंडांमागे १७.०५ डॉलर होता, मेमध्ये १२.१४ वर आला. जूनमध्ये तो पुन्हा उसळला, हेही खरं. आणि सगळ्या योजना मिळून २०२० मध्ये तिथल्या शेतीला सरकारकडून सुमारे ४६ अब्ज डॉलर गेले, आदल्या वर्षाच्या दुप्पट. हात आखडता घेतला असं कुणी म्हणू नये.

‘प्रत्येक शेतकऱ्याला’ हेही खोटं. कंपनीच्या करारावर कोंबड्या-डुकरं वाढवणाऱ्यांना २०२० मध्ये या योजनेतून काही मिळालं नाही, कारण जनावर कंपनीच्या मालकीचं. शेड त्यांचं, कर्ज त्यांचं, मदत नाही.

कागदांचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. काउंटीच्या कार्यालयात शेतकऱ्याने स्वतःच्या सहीने आकडे द्यायचे, पुरावे जपून ठेवायचे. तपासणी नंतर, तीही निवडक अर्जांची.

आता आपले दोन हजार. पोस्ट इथे उलट सरकारला जास्तच श्रेय देते. तो पीएम-किसानच्या वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता होता, एप्रिल २०२० मध्ये लवकर दिलेला. नवा रुपया त्यात नव्हता.

पोस्टवाल्यांनी ज्याच्यावर बोट ठेवायला हवं होतं ती गोष्ट वेगळीच आहे. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये आपल्याकडे दूध आंदोलन झालं, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. मागणी काय होती? लिटरमागे १० रुपये अनुदान, थेट खात्यात. ते काही मिळालं नाही. राज्याने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायची योजना चालवली, पण तो दर आमच्या पावतीवर कधी उतरला नाही. आता अमेरिकेतले ते लिटरमागचे १४ सेंट बघा: त्या वेळच्या ७५ रुपयांच्या डॉलरने साडेदहा रुपये. लिटरमागे, उत्पादकाच्या खात्यात. जे इथे मागूनही मिळालं नाही, ते तिथे काही महिने आधीच सुरू झालं होतं.

माझ्याकडे जुलै २०२० ची संकलन केंद्राची पावती अजून आहे. फॅट ३.६, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५, दर १८ रुपये. त्यात दहा मिळाले असते तर त्या महिन्यात पेंडवाल्याची उधारी राहिली नसती.