ढोबळी मिरची, आयरिस आणि नंबर १९ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शनेलच्या नंबर १९ या परफ्यूमवरच्या माझ्या लेखावर तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे: मी ‘थंड, पावडरी आयरिस’ (आयरिस या फुलझाडाच्या कंदाचा वास) असं लिहिलं आणि तुमच्या मनगटावर मात्र कच्ची ढोबळी मिरची आली, तासाभरात सगळं उडून गेलं, मी ‘महाग म्हणून कौतुक’ केलं, आणि वास जर प्रत्येकाच्या त्वचेवर निराळा येत असेल, तर अशी परीक्षणं लिहायचीच कशाला.

मिरचीबद्दल तुमच्या नाकाला पूर्ण गुण. तो गॅल्बनमचा प्रताप आहे. हिंगाच्याच कुळातली एक वनस्पती इराणच्या डोंगराळ भागात उगवते, तिचा हा डिंक. त्यात अगदी लेशमात्र असणारं, पायराझिन गटातलं एक गंधद्रव्य ढोबळी मिरचीतही असतं, आणि पाण्यात एक अब्जांशाहून कमी असलं तरी माणसाला ते कळतं. म्हणजे तुम्हाला मिरचीचा भास झाला नाही, त्या वासाचा मूळ रेणूच तिथे होता. परफ्यूमकार जर्मेन सेलिए यांनी १९४७ मध्ये बाल्मँ या फॅशन हाउससाठी केलेल्या ‘व्हाँ व्हेर’ या परफ्यूममध्ये गॅल्बनम असंच सढळ हाताने ओतलं होतं. शनेलचे परफ्यूमकार ऑन्री रोबेर यांचा नंबर १९ आला १९७० मध्ये. त्यातलं गॅल्बनमही भिडस्त नाही. ते कडू आहे, करकरीत आहे, आणि पहिल्या भेटीत आवडावं अशी त्याची धडपडही नाही.

पण तुमचा सगळा राग या पहिल्या पंधरावीस मिनिटांवर आहे, आणि माझा लेख होता त्यानंतरच्या वेळेबद्दल. हिरवा कडवटपणा ओसरू लागला की खालून आयरिस वर येतं. हा वास फुलाचा नाही, जमिनीतल्या कंदाचा. कंद खणून काढल्यावर काही वर्षं वाळवत ठेवावे लागतात. त्या काळात त्यांच्यात आयरोन नावाची द्रव्यं तयार होतात आणि मग कुठे तो गंध मिळतो. थोडा पावडरीसारखा, थोडा व्हायोलेटसारखा, आणि नीट हुंगलं तर कच्च्या गाजराचाही. सोबत गुलाब असतो, पण कोरडा, पाकात न बुडवलेला. मला या परफ्यूमचा हाच टप्पा सर्वांत देखणा वाटतो: फुलं आहेत, तरी गोडवा नाही. ज्यांना फुलांच्या परफ्यूममधून लाडिक गोडवाच हवा असतो त्यांना हे रुक्ष वाटेल. त्यात परफ्यूमचा दोष नाही आणि त्यांचाही नाही.

शेवटी उरतो वाळा. मातकट, मुळांचा, किंचित धुरकट. त्याच्याबरोबर ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं शेवाळ) आणि चामड्याची झाक. वाळ्यातले रेणू जड असल्यामुळे सावकाश उडतात. कागदाच्या पट्टीवर ते दुसऱ्या दिवशीही सापडतात. गॅल्बनमच्या डिंकालाही एक जड, राळेसारखा तळ असतो, म्हणून हिरवेपणा मागे हटतो पण पुरता जात नाही. (जुन्या बाटलीतल्या परफ्यूमचा शेवटी उरणारा हा वास अधिक दाट वाटतो असं काही जण म्हणतात. त्याला एक कारण असू शकतं: ओकमॉसमधले ॲलर्जीकारक ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांतून बाद केले.)

मग तुमच्या मनगटावरून तासाभरात हे सगळं कुठे गेलं? तुम्हीच लिहिलंय की दर पाच मिनिटांनी नाक टेकवून पाहत होता. तसं केलं की नाक त्या वासाला सरावतं आणि त्याची दखल घेणं सोडतं. वास तिथेच असतो, शेजारच्या माणसाला येत असतो. व्हायोलेटच्या वासाचं आयोनोन हे आयरोनचं जवळचं नातेवाईक, आणि त्याच्या बाबतीत हे लपाछपीचं वागणं परफ्यूमवाल्यांना चांगलंच ठाऊक आहे. त्यातल्या बीटा-आयोनोनचं तर आणखी पुढचं आहे: गंध टिपणाऱ्या एका जनुकातल्या फरकामुळे कुणाला ते फुलासारखं वाटतं, तर कुणाला आंबट आणि नकोसं.

त्वचेचा मुद्दा उरला. कोरड्या त्वचेवरून परफ्यूम लवकर उडतो, तेलकट त्वचेवर जास्त टिकतो. अंग गरम असेल तर पहिला अंक घाईत संपतो. मनगटं एकमेकांवर घासल्यानेही तेच होतं, ‘रेणू मोडतात’ वगैरे गोष्टी ऐकीव आहेत. त्वचा वेग बदलते, काही गोष्टी ठळक करते, काही झाकते. पण आयरिसचा मोगरा ती करत नाही. म्हणून परीक्षणाला अर्थ आहे, फक्त त्यातल्या तासांच्या हिशेबावर फार विसंबू नका.

‘महाग म्हणून कौतुक’ हे वाक्य मात्र मी सोडून देते. बेतास बात परफ्यूमना मी किती झोडपलंय ते जुन्या लेखांत दिसेल.

एक करून पाहा: मनगटाऐवजी सुती बाहीवर एक फवारा मारा आणि दोन तास तिकडे नाक नेऊ नका. तुमच्याकडे ओ द त्वालेत (सौम्य प्रकार) आहे की ओ द पारफँ (अधिक तीव्र प्रकार), हेही कळवा. त्वालेतमध्ये गॅल्बनम अधिक धारदार आहे, पारफँमध्ये गुलाब आणि आयरिस लवकर पुढे येतात. तुमचा नमुना त्वालेतचा असेल, तर दुसरा मागवून बघायला हरकत नाही.